प्रश्नोत्तरे : परिकल्पना चाचणी – आकडे हाती येण्याआधी काय ठरवायचं?

सत्र परीक्षा आणि प्रकल्प एकाच वेळी अंगावर आले की आमच्याकडे संख्याशास्त्राची पत्रं वाढतात. या खेपेची बहुतेक पत्रं परिकल्पना चाचणीवरची, म्हणजे हायपोथेसिस टेस्टिंगवरची (नमुन्याच्या आकड्यांवरून एखादं विधान तपासण्यावरची) आहेत. उत्तरांतले आकडे सरावासाठी घेतलेले आहेत. साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहता यावेत म्हणून ते लहान ठेवले आहेत, तेव्हा ते जरूर पडताळा.

प्रश्न : प्रकल्पासाठी संत्रा बर्फीची २५० ग्रॅमची पाकिटं तोलणार आहे. शून्य परिकल्पनेत काय लिहायचं आणि पर्यायीत काय, यात दर वेळी उलटसुलट होतं. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून द्याल का?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, महाल

बरोबरीचं चिन्ह शून्य परिकल्पनेत, एवढं पक्कं धरा. गणित करायला एक ठराविक आकडा लागतो. ‘सरासरी २५० आहे’ असं धरलं, तर नमुन्याची सरासरी निव्वळ योगायोगाने किती खाली-वर होईल हे काढता येतं. ‘सरासरी २५० नाही’ असं धरून काहीच मोजता येत नाही. मग ती किती आहे, हा प्रश्न उरतोच. जे दाखवायचं आहे ते पर्यायी परिकल्पनेत जातं. दोन्ही विधानं समष्टीबद्दल असतात, म्हणजे त्या दुकानाच्या सगळ्या पाकिटांबद्दल. ‘माझ्या १० पाकिटांची सरासरी २५० आहे’ ही परिकल्पना नव्हे. ते तोलून कळतंच, त्याची चाचणी कशाला?

पाकिटं आणण्याआधी वहीत तारीख घालून लिहा : शून्य परिकल्पना – सरासरी निव्वळ वजन २५० ग्रॅम, पर्यायी – ते २५० नाही, सार्थकता पातळी (शून्य परिकल्पना खरी असूनही ती नाकारण्याचा किती धोका पत्करायचा) ०.०५, पाकिटं १०. मग बाजारात जा. एकाच दिवशी एकाच ताटातली १० पाकिटं उचललीत, तर तुमच्या हाती खरं तर एकच घाणा आला. वेगवेगळ्या दिवशी एकेक-दोनदोन घ्या. रिकामा खोका आणि आतला कागद तोलून वजा करा. काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा तरी हवा. ५-५ ग्रॅमच्या टप्प्याने वाचणाऱ्या काट्यावर २ ग्रॅमचा फरक दिसणारच नाही. आणि घेतल्या दिवशीच तोला. बर्फी सुकते, नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तर भराभर, आणि मग तुम्ही दुकानदाराचं माप नव्हे, हवेचा कोरडेपणा मोजत बसाल.

समजा वजनं अशी आली : २४८, २५१, २४६, २४९, २४७, २५०, २४५, २४९, २४८, २४७. बेरीज २४८०, सरासरी २४८. प्रत्येक वजनाचा सरासरीपासूनचा फरक काढून वर्ग करा आणि बेरीज घ्या : ३०. तिला ९ ने भागा, ३.३३३. वर्गमूळ १.८२६, हे प्रमाण विचलन. त्याला १० च्या वर्गमूळाने, म्हणजे ३.१६२ ने भागलं की ०.५७७ मिळतं, ही सरासरीची प्रमाण त्रुटी. आता टी, म्हणजे फरक प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा = (२४८ − २५०) ÷ ०.५७७ = −३.४६.

१० पाकिटं म्हणून स्वातंत्र्य मात्रा (पाकिटांच्या संख्येहून एक कमी) ९. टी-टेबलात टू-टेल (कमी आणि जास्त, दोन्ही बाजू धरणाऱ्या) ५ टक्क्यांखाली २.२६२ आणि १ टक्क्याखाली ३.२५० दिसेल. चिन्ह सोडून आपला आकडा दोन्हींहून मोठा आहे, म्हणून पी-मूल्य (त्याचा नेमका अर्थ पुढच्या उत्तरात) ०.०१ च्या आत (संगणक सुमारे ०.००७ देईल). शून्य परिकल्पना नाकारायची.

इथे थांबू नका. २.२६२ × ०.५७७ = १.३१. म्हणजे सरासरीचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरी सरासरी ज्यात असावी असा पट्टा, २४६.७ ते २४९.३ ग्रॅम. वाचणाऱ्याला कामाचं हेच आहे : पाकीट सरासरीने पाऊण ते सव्वातीन ग्रॅम कमी भरतं आहे. तेवढ्याने दुकानदार कायद्यात अडकतो का, हा निराळा प्रश्न; एकेका पाकिटात किती तूट चालते याच्या मर्यादा वैधमापनाच्या नियमांत वेगळ्या ठरलेल्या आहेत. तुमच्या चाचणीने तो आरोप सिद्ध होत नाही, अहवालात तसं लिहूही नका.

इथे चुकतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं, ९ ऐवजी १० ने भागणं. मग प्रमाण विचलन १.७३२ येतं, टी −३.६५ होतो आणि फरक आहे त्याहून ठळक भासतो. एक्सेलमध्ये ‘एसटीडीईव्ही डॉट एस’ वापरा, ‘डॉट पी’ नव्हे. दुसरं, आकडे पाहून मग ‘कमीच आहे ना, मग वन-टेल करू’ असं म्हणणं. वन-टेलला, म्हणजे एकच बाजू धरणाऱ्या चाचणीला, ९ मात्रांवर १.८३३ एवढाच टी पुरतो. दिशा आकड्यांवरून ठरवलीत तर कागदावर ५ टक्के लिहूनही प्रत्यक्षात १० टक्के धोका पत्करलेला असतो. फक्त कमी वजनाचीच तक्रार तपासायची असेल तर वन-टेल रास्त आहे. मात्र ते वहीत आधी लिहिलेलं हवं.

प्रश्न : पी-मूल्य ०.०३ आलं, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असं आमच्या नोट्समध्ये आहे. बरोबर ना?
– बी.एस्सी. द्वितीय वर्ष, सक्करदरा

नाही, नोट्स दुरुस्त करा. शून्य परिकल्पना खरी धरली तर हाती आलेल्याइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसेल, ते प्रमाण म्हणजे पी-मूल्य. परिकल्पना खरी आहे हे त्यात आधीच धरलेलं आहे. त्यामुळे ती खरी असण्याची शक्यता त्यातून निघूच शकत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्यावर निवेदन काढलं, त्यातही ही गोष्ट स्पष्ट सांगितली आहे.

फरक किती पडतो ते मोजून पाहू. समजा १००० कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या १०० च खरोखर कामाच्या आहेत. खरा परिणाम पकडण्याची चाचणीची ताकद ८० टक्के, तर ८० पकडल्या जातील. उरलेल्या ९०० पोकळ कल्पनांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, योगायोगाने ‘सार्थक’ ठरतील. एकूण सार्थक १२५, त्यांतल्या ४५ खोट्या : ३६ टक्के. पातळी ५ चीच होती! मुळात किती कल्पना खऱ्या होत्या, हे कुठल्याही टेबलात सापडत नाही.

प्रश्न : काटोलजवळच्या २ संत्रा बागांत माहिती घेतली आहे. एकीत ठिबक, दुसरीत आळ्याने पाणी. प्रत्येकी ३० झाडांचं उत्पादन तोललं. ६० झाडं आहेत म्हणून टी चाचणीत ५८ मात्रा घेतल्या, पी ०.०१ च्या खाली आलं. पण मार्गदर्शकांनी ‘तुझा नमुना २ चा आहे’ असं म्हणून परत पाठवलं. हे कसं?
– कृषी पदव्युत्तर विद्यार्थी

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. या स्तंभात आलेल्या प्रश्नांपैकी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा, म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी देण्याची पद्धत तुम्ही झाडाला नाही, बागेला लावली आहे. एका बागेतल्या ३० झाडांना जमीन एकच, मालक एकच, खत-फवारणी एकच, खुंटही (ज्यावर कलम बांधतात ते झाड) बहुधा एकाच जातीचा, जंबेरी असेल तर सगळीकडे जंबेरी. दुसऱ्या बागेत भारी काळी जमीन असेल, झाडं ४ वर्षांनी मोठी असतील, खुंट रंगपूर लाइमचा असेल. उत्पादनातला फरक ठिबकमुळे की यांतल्या कशामुळे, हे ६० काय आणि ६०० काय, कितीही झाडं तोलून सुटणार नाही. प्रत्येक पद्धतीला बाग एकेकच मिळाली, आणि एकावरून चढ-उतार मोजता येत नाही. तुमच्या सूत्राने झाडाझाडांतला चढ-उतार घेतला आणि तो बागाबागांतला म्हणून वापरला. पहिला लहान असतो, म्हणून प्रमाण त्रुटी लहान आणि टी फुगलेला. सूत्र स्वतःहून तक्रार करत नाही. ५८ मात्रा दिल्यात, त्याने ५८ घेतल्या.

पुढच्या हंगामात असं करा. ८ बागा निवडा, प्रत्येकीचे २ सारखे भाग करा, आणि कुठल्या भागाला ठिबक मिळणार हे नाणं उडवून ठरवा. शेतकऱ्याला विचारून ठरवू नका. तो चांगल्या भागालाच ठिबक देईल, आणि त्याच्या जागी तुम्हीही तेच केलं असतं. दोन भागांच्या मधल्या ओळी तोलायच्या नाहीत, कारण एकीकडचं पाणी दुसरीकडे मुरतं. बहार (फुलोऱ्याचा हंगाम) एकच धरा. काही बागांत आंबिया आणि काहींत मृग घेतलात, तर सगळं मुसळ केरात. प्रत्येक भागातल्या, समजा, १५ झाडांची सरासरी काढा, म्हणजे प्रत्येक भागाला एक आकडा. मग ठिबक वजा आळं, असा प्रत्येक बागेचा एक फरक. हाती ८ फरक आले, आणि तोच तुमचा नमुना.

समजा दर झाडामागे फरक किलोत असे आले : ६, −२, ९, ४, १, ७, −१, ८. सरासरी ४. वर्गांची बेरीज १२४, भागिले ७ म्हणजे १७.७१, प्रमाण विचलन ४.२१. भागिले ८ चं वर्गमूळ २.८२८, प्रमाण त्रुटी १.४९. टी = ४ ÷ १.४९ = २.६९. मात्रा ७, टेबलातला आकडा २.३६५. फरक सार्थक आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हल सुमारे ०.५ ते ७.५ किलो. शेतकऱ्याला हा पट्टा सांगा. ७ किलो वाढ मिळाली तर ठिबकचा खर्च कदाचित निघेल. अर्ध्या किलोत निघेल का, याचा हिशेब त्यालाच करू द्या.

हीच माहिती जोड्या मोडून दोन स्वतंत्र गट म्हणून तपासली असती तर? बागाबागांतलं प्रमाण विचलन १५ किलो धरा, जे मुळीच अवास्तव नाही. प्रमाण त्रुटी ७.५ होते, टी ०.५३, आणि १४ मात्रांवर लागतो २.१४५. हातातला फरक बागांच्या गोंधळात बुडाला असता. जोडीने मोजण्याचा फायदा हाच.

आता हाती असलेल्या ६० झाडांचं काय? फेकू नका. दोन बागांचं वर्णन म्हणून सरासरी आणि प्रमाण विचलन द्या, पी-मूल्य देऊ नका. नव्या प्रयोगात किती झाडं तोलायची हे ठरवायलाही तेच आकडे उपयोगी पडतील.

प्रश्न : झेड कधी, टी कधी? ३० च्या वर झेड, असं सगळेच सांगतात.
– अकरावी-बारावीचे तिघे मित्र, हिंगणा

समष्टीचं प्रमाण विचलन खरोखर माहीत असेल तर झेड. नमुन्यातून काढलं असेल तर टी. प्रकल्पात ते जवळजवळ कधीच माहीत नसतं, म्हणून टी. ३० हा आकडा छापील टेबलांच्या सोयीतून रूढ झाला. ३० मात्रांवर टी २.०४२ आणि झेड १.९६, म्हणजे अंतर थोडकं उरतं. संगणक वापरत असाल तर ती सोय कशाला हवी? लहान नमुन्याची ही अडचण पहिल्यांदा सोडवली विल्यम गॉसेटने, डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरी करताना. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने लेख छापला, म्हणून ‘स्टुडंट्स टी’. विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली चाचणी असा त्याचा अर्थ नाही.

प्रश्न : कॉलेजला मेट्रोने येणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त आहे का, यासाठी ६० मुली आणि ६० मुलगे यांना विचारलं. मुली ४० टक्के, मुलगे २५ टक्के मेट्रोने येतात. टक्केवारीचं टेबल करून काय-वर्ग काढला तर ५.१३ आला, पण मैत्रिणीचा त्याच माहितीवर ३.०८ येतो. कोण चुकलं?
– बी.ए. समाजशास्त्र, धरमपेठ

मैत्रीण बरोबर आहे. काय-वर्गात, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित मोजणीतला फरक तपासणाऱ्या चाचणीत, फक्त मोजणीचे आकडे जातात. टक्केवारी भरलीत म्हणजे चाचणीला तुम्ही १००-१०० जणांना विचारल्याचं सांगितलंत, आणि १२० चे २०० झाले. काय-वर्ग नेमका त्याच पटीत वाढला : ३.०८ चा ५.१३.

खरं टेबल असं : मुली – मेट्रो २४, इतर ३६, मुलगे – मेट्रो १५, इतर ४५. फरक नसता तर मेट्रोचे ३९ जण निम्मे-निम्मे, १९.५ आणि १९.५, इतर ४०.५ आणि ४०.५. प्रत्येक चौकटीत अंतर ४.५, त्याचा वर्ग २०.२५, त्याला अपेक्षित आकड्याने भागून चारही चौकटींची बेरीज : ३.०८. एका मात्रेवर ५ टक्क्यांची सीमा ३.८४१. तुमच्या टेबलाने निकाल ‘सार्थक’ ठरला, खऱ्या टेबलाने नाही. इथे एका चुकीने निकालच फिरला.

पण म्हणून ‘मुली-मुलांत फरक नाही’ असंही लिहू नका. १५ टक्के अंकांच्या फरकाचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल साधारण −१.५ ते ३१.५ आहे. फरक शून्य असू शकतो, ३० अंकांचाही असू शकतो. १२० जणांवरून एवढंच म्हणता येतं. ‘फरकाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही’, हे वाक्य परीक्षेत पाठ करून लिहितात आणि प्रकल्पात विसरतात.

जाता जाता : कुठल्याही चौकटीत अपेक्षित आकडा ५ च्या खाली गेला तर काय-वर्गावर विसंबू नका, दोन बाय दोनच्या टेबलाला फिशरची एक्झॅक्ट चाचणी लावा. अपेक्षित म्हटलंय, प्रत्यक्ष नव्हे. आणि सर्वेक्षण कुठे उभं राहून केलं तेही लिहा. सीताबर्डी इंटरचेंजच्या दाराशी उभं राहून विचारलं असेल, तर मेट्रोचं प्रमाण काढण्यात अर्थच नाही.

प्रश्न : वर्गातल्या मुलांच्या सवयींची २० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येक उत्तराची गणिताच्या गुणांशी चाचणी केली. फक्त एका ठिकाणी पी ०.०४ आलं : सकाळी पोहे खाणाऱ्यांना गुण जास्त. शाळेच्या वार्षिकात छापावं का? आणि ०.०५ च का, ०.०६ का नाही?
– शिक्षिका, कामठी

बाई, छापू नका. २० चाचण्या केल्या आणि एकातही काही तथ्य नसलं, तरी निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता, चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर, १ − (०.९५ चा २० वा घात), म्हणजे ६४ टक्के. एखादं निघालं नसतं तरच नवल. साधा उपाय बोनफेरोनीचा : ०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागा. ०.०५ ÷ २० = ०.००२५. ०.०४ त्याच्या आसपासही नाही. बोनफेरोनी जरा कडक आहे, खरे परिणामही त्यात निसटतात. पण शाळेच्या पातळीवर तो पुरे. पोह्यांची कल्पना आवडलीच असेल, तर पुढच्या वर्षी नव्या तुकडीवर तेवढी एकच चाचणी करा. आधी ठरवून.

०.०५ मागे निसर्गाचा कुठला नियम नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२५ च्या आपल्या पुस्तकात २० पैकी १ ही सीमा सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. स्वीकार-नकाराचा काटेकोर निर्णय, दोन प्रकारच्या चुका आणि चाचणीची ताकद ही मांडणी जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांची, १९३३ ची. पाठ्यपुस्तकांत दोन्हींची खिचडी झाली आहे, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. ०.०४९ आणि ०.०५१ यांत पुराव्याचा काहीही फरक नाही. पी-मूल्य आहे तसं लिहा, नुसतं ‘०.०५ पेक्षा कमी’ नको.

प्रश्न : शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. प्रत्येक गटात किती विद्यार्थी घ्यावेत?
– बी.एड. प्रशिक्षणार्थी

आधी तुम्ही सांगा, किती गुणांचा फरक पडला तर पद्धत बदलावीशी वाटेल? तो ठरल्याशिवाय नमुन्याचा आकडा कोणीच देऊ शकत नाही. तो ठरला की हिशेब सोपा आहे : ५ टक्के टू-टेल पातळी आणि ८० टक्के ताकद हवी असेल, तर प्रत्येक गटात साधारण १६ × (प्रमाण विचलन)² ÷ (फरक)². गुणांचं प्रमाण विचलन १२ आणि फरक ५ गुणांचा, तर १६ × १४४ ÷ २५ = ९२.१६, म्हणजे ९३-९३ विद्यार्थी. १० गुणांचा फरक पकडायचा असेल तर २४-२४ पुरतात. फरक निम्मा केला की संख्या चौपट.

प्रमाण विचलन गेल्या वर्षीच्या त्याच विषयाच्या गुणपत्रकावरून घ्या. वरून १० टक्के जास्त धरा, कारण काही मुलं दुसऱ्या परीक्षेला येत नाहीत. ९३ मुलं मिळणार नसतील तर सगळ्यांची पूर्वचाचणी घ्या आणि विश्लेषणात ते गुण हिशेबात धरा. पूर्व आणि उत्तर गुणांचा सहसंबंध ०.७ असेल तर लागणारी संख्या जवळपास निम्मी होते. मात्र ‘अ’ तुकडीला एक पद्धत आणि ‘ब’ तुकडीला दुसरी, असं करणार असाल तर वरचं संत्रा बागांचं उत्तर पुन्हा वाचा. तिथे ९३ चा हिशेब लागू नाही, तुमचा नमुना २ तुकड्यांचा आहे. शक्य असेल तिथे चिठ्ठ्या टाकून दोन्ही तुकड्यांतली निम्मी-निम्मी मुलं प्रत्येक पद्धतीला द्या, आणि दोन्ही पद्धती एकाच शिक्षकाने शिकवाव्यात.